श्लेस्विग-होल्स्टाइनने अंग तपासलं तेव्हा

२००३ सालच्या जुलैत जर्मनीच्या पार उत्तर टोकाला असलेल्या एका राज्याने एक मोहीम हाती घेतली. विशीच्या पुढच्या कुणीही आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जावं, कपडे उतरवावेत आणि डोक्याच्या केसांपासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत सगळी त्वचा तपासून घ्यावी. खर्च विमा करणार. ना सुई, ना क्ष-किरण, ना कुठलं यंत्र. डॉक्टरांचे डोळे आणि खोलीत पुरेसा उजेड, एवढंच भांडवल. बारा महिन्यांत ३,६०,२८८ माणसं तपासून झाली. त्वचेच्या कॅन्सरसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर माणसं तपासण्याचा असा प्रयोग जगात त्याआधी झालेला नव्हता.

राज्याचं नाव श्लेस्विग-होल्स्टाइन. एका अंगाला उत्तर समुद्र, दुसऱ्या अंगाला बाल्टिक, वर डेन्मार्कची सीमा. वस्ती सुमारे २८ लाख, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याएवढी. इथे ऊन तसं बेताचंच. पण गोरी कातडी, निळे डोळे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्यावर तासन्‌तास पडून राहण्याची हौस हे तिन्ही एकत्र आलं की मेलानोमाला ढगाळ हवा आडवी येत नाही.

मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. त्वचेच्या कॅन्सरांमध्ये तो संख्येने थोडा, पण जीव घेण्यात सगळ्यांच्या पुढे. बाकीचे दोन मुख्य प्रकार, बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल, बहुतेक वेळा जागच्या जागी वाढतात, चिघळतात, कापले की संपतात. मेलानोमा मात्र रक्तातून आणि लसिकावाहिन्यांतून फुफ्फुसात, यकृतात, मेंदूत जाऊन बसतो. लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याने १७८७ मध्ये एका ३५ वर्षांच्या माणसाच्या जबड्यामागची गाठ कापून काढली आणि बरणीत ठेवून दिली. गाठ कसली, हे त्याला कळलं नव्हतं. ती बरणी लंडनच्या शल्यविशारदांच्या संग्रहालयात जपली गेली आणि १९६८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तो मेलानोमा ठरला. रोगाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते फ्रान्सच्या रने लाएनेकने, १८०४ मध्ये. पुढे स्टेथोस्कोप शोधणारा तो हाच. १८४० मध्ये सॅम्युएल कूपरने लिहून ठेवलं की रोग पुढे गेला की उपाय नाही. काही आशा असलीच तर ती लवकर कापून टाकण्यात आहे.

पुढची सव्वाशे वर्षं या वाक्यात भर पडली ती फक्त सुरीच्या लांबीची. १९०७ मध्ये विल्यम सॅम्प्सन हँडली या इंग्रज शल्यविशारदाने गाठीभोवतीचं बरंच निरोगी मांसही काढावं असं सांगितलं आणि ते अर्धशतकाहून जास्त काळ प्रमाण मानलं गेलं. त्याचा आधार काय? एका स्त्रीचं शवविच्छेदन. एका मृतदेहावरून पन्नास वर्षांची शस्त्रक्रिया ठरली. वैद्यकात हे नवं नाही, पण पुढे जे घडलं ते समजण्यासाठी लक्षात ठेवावं असं आहे.

लवकर कापा, हे सगळ्यांना मान्य होतं. पण लवकर म्हणजे केव्हा आणि ओळखायचं कसं? याचा कसून शोध सुरू झाला तो ऑस्ट्रेलियात. १९५६ मध्ये हेन्री लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या नोंदी चाळून दाखवलं की युरोपीय वंशाचे लोक विषुववृत्ताच्या जितके जवळ राहायला जातात तितका त्यांच्यातला मेलानोमाचा मृत्युदर चढतो. रोगाचा उन्हाशी असलेला संबंध असा कागदावर आला. ऑस्ट्रेलियात याचा सर्वात मोठा फटका ईशान्येकडच्या क्वीन्सलँडला बसत होता: ब्रिटिश आणि आयरिश पूर्वजांची पातळ गोरी कातडी, आणि डोक्यावर उष्णकटिबंधाचा सूर्य. १९६३ मध्ये ब्रिस्बेनचे सर्जन नेव्हिल डेव्हिस यांच्या पुढाकाराने क्वीन्सलँड मेलानोमा प्रकल्प उभा राहिला. राज्यातल्या रुग्णांच्या नोंदी एका जागी आणायच्या, डॉक्टरांना शिकवायचं आणि सामान्य माणसाला सांगायचं की बदलणारा तीळ दिसला तर लगेच या. माणसं खरोखरच लवकर येऊ लागली आणि लवकर आलेली वाचूही लागली.

ती का वाचत होती, याचं उत्तर अमेरिकेतून आलं. १९६९ मध्ये वॉलेस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी मेलानोमा त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरला आहे याच्या पाच पायऱ्या मांडल्या. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी त्याहून साधी गोष्ट केली. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगात मापपट्टी बसवून त्यांनी ९८ रुग्णांच्या गाठींची जाडी मोजली. ज्यांची गाठ ०.७६ मिलीमीटरहून पातळ होती त्यांच्यापैकी एकाचाही रोग पसरला नव्हता. हाताच्या नखाच्या जाडीएवढ्या अंतरात जगणं-मरणं ठरत होतं. आजही मेलानोमाच्या प्रत्येक अहवालात डॉक्टर जो आकडा सर्वात आधी शोधतो तो ‘ब्रेस्लो जाडी’चाच.

तपासणीच्या कल्पनेचा सगळा डोलारा याच दोघांच्या कामावर उभा आहे. क्लार्कच्या निरीक्षणानुसार बहुतेक मेलानोमा आधी आडवा पसरतो आणि मग खाली उतरतो. आडवा पसरण्याचा हा काळ महिन्यांचा, कधी वर्षांचाही असतो. त्या अवधीत तो उघड्या त्वचेवर सगळ्यांना दिसेल असा पडलेला असतो आणि तेवढ्यात कापला तर बहुधा कायमचा जातो. मग लोकांना उजेडात उभं करून बघायचंच, यात विचार करण्यासारखं काय आहे?

न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे बघणं सोपं करून दिलं. फ्रीडमन, रायगेल आणि कॉफ यांनी १९८५ मध्ये चार अक्षरांचा नियम दिला: ए, बी, सी, डी. तिळाच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसणं आणि व्यास ६ मिलीमीटरहून, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या रबराहून, मोठा असणं. २००४ मध्ये त्याला ई जोडला गेला: बदलत जाणं. माझ्या मते हे पाचवं लक्षण पहिल्या चारांहून कामाचं आहे. क्वीन्सलँडचे डॉक्टर वीस वर्षं तेच तर सांगत होते. १९८५ हेच वर्ष अमेरिकेत मोफत त्वचा-तपासणी शिबिरं सुरू झाल्याचं आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या नाकावरचा साधा कॅन्सर काढल्याची बातमी जगभर गेल्याचं. १९८९ मध्ये हॅम्बुर्गला तज्ज्ञ जमले आणि त्वचेवर टेकवून पाहायच्या दिव्याच्या भिंगातून, म्हणजे डर्मोस्कोपमधून, काय दिसलं तर त्याला काय म्हणायचं हे त्यांनी ठरवलं. डोळा, नियम आणि भिंग, तिन्ही आता तयार होतं.

हॅम्बुर्गहून श्लेस्विग-होल्स्टाइनची हद्द काही मिनिटांवर आहे. तिथल्या मोहिमेमागचे प्रमुख त्वचारोगतज्ज्ञ होते एकहार्ड ब्राइटबार्ट. आकड्यांची बाजू ल्युबेकच्या अलेक्झांडर काटालिनिक यांच्याकडे. या राज्याची कॅन्सर नोंदणी चांगली होती, म्हणजे आधी किती आणि नंतर किती हे मोजता येणार होतं. योजना दोन पायऱ्यांची. आधी फॅमिली डॉक्टर बघणार. संशय आला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवणार. तो हवं तर कापून तपासायला देणार. त्यासाठी डॉक्टरांना आठ तासांचं प्रशिक्षण. राज्यातले बहुतेक सगळे त्वचारोगतज्ज्ञ आणि इतर डॉक्टरांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश त्यात आले.

लोक किती आले? पात्र असलेल्यांपैकी १९ टक्के. आणि त्यातल्या चारांपैकी जवळजवळ तीन बायका. पुरुष फारसे फिरकले नाहीत, आणि नेमकं म्हाताऱ्या पुरुषांमध्येच मेलानोमा जास्त जाड झाल्यावर सापडतो. जो धोक्यात आहे तो घरी आणि जो आधीच काळजी घेतो तो रांगेत, हा अनुभव आपल्याकडच्या कुठल्याही आरोग्य शिबिराला गेलेल्या माणसाला सांगायला नको.

वर्षअखेरीस हिशेब मांडला गेला. १५,९८३ वेळा त्वचेचा तुकडा काढला गेला, म्हणजे दर २३ माणसांमागे एकाला सुरी लागली. त्यातून ३,१०३ कॅन्सर सापडले. पैकी १,९६१ हळू वाढणारे बेसल सेल, ३९२ स्क्वॅमस सेल, १६५ इतर आणि ५८५ मेलानोमा. एक मेलानोमा शोधायला सुमारे ६२० माणसं नागडी करून बघावी लागली. अशा मोहिमेच्या मानाने हे आकडे वाईट नाहीत. पण ५८५ मेलानोमा सापडले म्हणजे ५८५ जीव वाचले असं नव्हे. ते कळायला मृत्यूंची वाट पाहावी लागते.

जर्मनी थांबला नाही. २००८ च्या जुलैत, मृत्यूंचे आकडे हाती येण्याआधीच, देशपातळीवर योजना लागू झाली: ३५ वर्षांवरच्या प्रत्येक विमाधारकाला दर दोन वर्षांनी त्वचेची मोफत तपासणी. देशभर अशी सोय करणारा जगातला पहिला देश. आणि मग २०१२ मध्ये काटालिनिक यांच्या गटाचा निबंध आला तेव्हा हा निर्णय दूरदृष्टीचा वाटू लागला. १९९८-९९ च्या तुलनेत २००८-०९ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइनमधला मेलानोमाचा मृत्युदर पुरुषांत लाखामागे १.९ वरून १.० वर आणि बायकांत १.४ वरून ०.७ वर उतरला होता. निम्मा! शेजारच्या डेन्मार्कात, हॅम्बुर्गात, लोअर सॅक्सनीत असं काही झालं नव्हतं.

हा आकडा पाहून आनंद व्हावा तितकाच संशयही यायला हवा होता. पाचांपैकी एकानेच तपासणी करून घेतली. त्या सगळ्यांचा मृत्यू टळला असं धरलं तरी एकूण मृत्यू पाचव्या हिश्शाने कमी होतील. निम्म्याने कसे होतील? तपासणीला न आलेल्यांतही जागरूकता वाढली आणि ते लवकर डॉक्टरकडे गेले, असं उत्तर देता येतं. ते अगदीच निरर्थक नाही, पण त्याने एवढी मोठी फट बुजत नाही.

पुढच्या काही वर्षांत आकड्यांनीच उत्तर दिलं. राज्यातला मृत्युदर परत चढू लागला आणि २०१३ च्या सुमारास तो जिथून निघाला होता तिथे येऊन पोहोचला. २०१५ मध्ये बोनिओल, ओतिए आणि गांडिनी यांनी आणि २०१६ मध्ये आंद्रेआस श्टांग आणि कार्ल-हाइन्ट्स यॉकेल यांनी हे उघड मांडलं. श्टांग आणि यॉकेल यांनी मृत्यूच्या दाखल्यांत डोकावून पाहिलं. मेलानोमाचे मृत्यू ज्या काळात कमी दिसत होते, त्याच काळात ‘जागा स्पष्ट नसलेला कॅन्सर’ या सदरातले मृत्यू वाढलेले होते. म्हणजे निदान काही मृत्यू टळले नव्हते, फक्त दुसऱ्या रकान्यात गेले होते. लहान राज्य, लहान आकडे. थोडे दाखले इकडचे तिकडे झाले तरी आलेख कोसळतो. देशभराची गोष्टही फारशी वेगळी नव्हती. २००८ नंतर जर्मनीत मेलानोमाची निदानं वाढली, मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. आणि हे छापणाऱ्यांत काटालिनिक स्वतः होते. ही गोष्ट त्यांच्या खात्यावर मांडली पाहिजे.

मोहिमेच्या बाजूने बोलणारे म्हणतात की २००४ मध्ये ती थांबली म्हणून मृत्यू परत वाढले आणि देशव्यापी तपासणी मूळ प्रयोगाइतकी काटेकोर नव्हती. असेलही. पण ते सिद्ध करण्याची सोयच ठेवली नव्हती, हा माझा मुख्य आक्षेप. राज्यातले तालुके चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले असते, अर्ध्यांत आधी तपासणी आणि अर्ध्यांत पाच वर्षांनी केली असती, तर हा वाद वीस वर्षं चालला नसता. क्वीन्सलँडने नेमकं हेच योजलं होतं: ४४ गावं, चिठ्ठीने दोन गट. १९९० च्या दशकाच्या अखेरीस १८ गावांत सुरुवातही झाली. मग पैसे संपले. एका देशाने पुरावा नसताना पैसा ओतला, दुसऱ्याने पुरावा गोळा होत असताना पैसा थांबवला.

डोळ्यांना दिसणारा रोग शोधूनही माणसं का वाचू नयेत? याची मुळं क्लार्कच्या त्या आडव्या-उभ्या वाढीतच आहेत. जो मेलानोमा वर्षानुवर्षं आडवा रेंगाळतो तो दर दोन वर्षांच्या तपासणीत हमखास सापडतो. पण त्याची एक जात अशी असते की ती आडवी पसरतच नाही. गाठ होऊन थेट खाली उतरते, काही महिन्यांतच. ती दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवते आणि मारते. तिला ए-बी-सी-डी लागू पडत नाही, कारण ती बऱ्याचदा गोल, सारख्या कडांची आणि एकाच रंगाची असते. म्हणजे जाळ्यात गरीब मासे अडकतात आणि मोठा निसटतो.

दुसरं कारण अधिक अडचणीचं. सापडलेले सगळे ‘मेलानोमा’ पुढे जाऊन मारणारे होते का? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १८७ पॅथॉलॉजिस्टना २४० नमुन्यांतून वाटून दिलेले नमुने तपासायला सांगितले. निरुपद्रवी तीळ आणि पुढे गेलेला मेलानोमा यांवर बऱ्यापैकी एकमत झालं. मधल्या प्रकारांत मात्र तज्ज्ञांच्या ठरलेल्या निदानाशी निम्मेही जुळले नाहीत. सुरुवातीची अवस्था शोधण्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि गोंधळ नेमका तिथेच. गिल्बर्ट वेल्च आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की अमेरिकेत मेलानोमाचं निदान चाळीस वर्षांत सहापट झालं, पण मृत्युदर जवळजवळ तसाच राहिला. अलीकडे तो उतरला तो २०११ पासून आलेल्या नव्या औषधांमुळे. जास्त पाहिलं, जास्त कापलं, जास्त सापडलं, आणि मरणारे तेवढेच. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने पुन्हा तेच म्हटलं जे त्याने २००९ आणि २०१६ मध्ये म्हटलं होतं: कुठलंही लक्षण नसलेल्या माणसांची सरसकट त्वचा-तपासणी करावी की करू नये, हे सांगायला पुरावा अपुरा आहे. जर्मनीत मात्र दर दोन वर्षांची तपासणी चालू आहे. एकदा दिलेली सोय काढून घेणं कुठल्याच सरकारला जमत नाही.

हा सगळा इतिहास गोऱ्या कातडीचा आहे, हे विसरून चालणार नाही. १९८१ मध्ये मेलबर्नमध्ये एका कार्टून सीगल पक्ष्याने गाणं म्हणत लोकांना सदरा घाला, क्रीम लावा, टोपी चढवा असं सांगायला सुरुवात केली आणि ती जाहिरात ऑस्ट्रेलियात घराघरांत पोहोचली. त्याच वर्षी ११ मे रोजी मायामीत जमैकाचा गायक बॉब मार्ली ३६ व्या वर्षी मेलानोमाने गेला. त्याचा मेलानोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होता आणि १९७७ मध्ये कळला होता. अंगठा कापायला त्याने नकार दिला. तळवे, तळहात आणि नखं इथे होणाऱ्या या प्रकाराला रिचर्ड रीड यांनी १९७६ मध्ये नाव दिलं होतं, म्हणजे मार्लीच्या निदानाच्या फक्त एक वर्ष आधी. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. टोपी आणि क्रीमने तो टळला नसता.

कुठे बघायचं हे माणसाच्या रंगावर आणि राहणीवर ठरतं, हे मुंबईत तर फार आधी कळलं होतं. परळच्या टाटा मेमोरियलमधले पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतीय सवयींशी जोडलेल्या कॅन्सरांवर निबंध लिहिला. त्यात कमरेवर होणारा त्वचेचा कॅन्सर होता: धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून नेसल्याने कातडी घासत राहते, तिथे आधी पांढरट-काळपट चट्टे आणि मग न भरणारी जखम. पुढे साडीच्या परकराच्या नाडीखालीही तोच सापडला. न्यूयॉर्कच्या कुठल्याही अक्षरात तो बसत नाही.

मेलानोमा आपल्याकडे फार कमी आढळतो. त्यामुळे जर्मनीसारखी सरसकट तपासणी इथे सुरू करा असं कुणी म्हणू लागलं तर मी विरोध करेन. त्याच डॉक्टरांनी तेवढ्या वेळात लोकांची तोंडं तपासली तर तंबाखूच्या कॅन्सरमधून अधिक जीव वाचतील. पण आपल्याकडे मेलानोमा होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळव्यावर असतो, आणि तळवा कुणी बघत नाही. तेव्हा तळव्यावर नवा काळा डाग आला, नखावरची काळी रेघ रुंद होऊ लागली, नाडीच्या जागेवरची किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणावरची जखम महिनाभर भरली नाही, तर हळद-तेल लावत बसू नका आणि कुरूप समजून ब्लेडने तासू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि त्यांनी विचारलं नाही तरी पायमोजे काढून दाखवा.